भांडण दोघांचे, डेटा तिसऱ्याचा

संकेतस्थळांना सर्व्हरवर जागा विकणाऱ्या होस्टिंग कंपनीने सर्व्हर ठेवण्याच्या इमारतीचे, म्हणजे डेटा सेंटरचे, पैसे थकवले, डेटा सेंटरने तिच्या रॅकची, म्हणजे सर्व्हर बसवलेल्या मांडणीची, वीज किंवा नेटवर्क तोडले आणि त्या रॅकमधल्या सर्व्हरवर चालणारी शेकडो संकेतस्थळे, कार्यालयांची ईमेल खाती आणि दुकानांची बिलिंगची सॉफ्टवेअर एका रात्रीत बंद पडली, की त्यावरचा वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक पक्ष म्हणतो, पैसे नाहीत तर सेवा नाही, करार वाचा, यात चर्चा करण्यासारखे काही नाही. दुसरा पक्ष म्हणतो, डेटा सेंटरने लोकांचा डेटा ओलीस धरला आहे, ही सरळ खंडणी आहे. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही या व्यवहारात दोनच बाजू आहेत असे धरून चालतात. ज्याने होस्टिंग कंपनीला वर्षाचे पैसे आगाऊ भरले, ज्याचा थकबाकीशी काडीचाही संबंध नाही आणि तरीही ज्याचे काम बंद पडले, त्या तिसऱ्या माणसाला पहिला पक्ष मोजतच नाही आणि दुसरा पक्ष फक्त सहानुभूतीपुरता पुढे करतो. माझे म्हणणे असे आहे की डेटा सेंटरला आपली थकबाकी वसूल करण्याचा पूर्ण हक्क आहे, रीतसर नोटीस देऊन सेवा थांबवण्याचाही हक्क आहे. मात्र तिसऱ्याचा डेटा अडवून वसुली करण्याचा हक्क त्याला नाही आणि करारातल्या कोणत्याही कलमाने तो मिळता कामा नये.

हा धंदा कसा चालतो हे आधी पाहू, कारण वाद भरकटतो तो इथेच. डेटा सेंटर मुळात जागा, वीज, थंड हवा आणि नेटवर्कची जोडणी विकते. होस्टिंग कंपनी एक तर आपले स्वतःचे सर्व्हर आणून तिथल्या रॅकमध्ये बसवते किंवा डेटा सेंटरचेच सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेते. मग एकेका सर्व्हरचे ती कित्येक भाग पाडते आणि ते ग्राहकांना विकते. यातले काही ग्राहक स्वतःच पुढे विक्री करणारे असतात. सांगलीतला किंवा लातूरमधला वेब डिझायनर रिसेलर खाते घेतो आणि गावातल्या डॉक्टरला, शाळेला, पतसंस्थेला डोमेन (इंटरनेटवरचे नाव), संकेतस्थळ आणि मेल मिळून वर्षाची एकच रक्कम सांगतो. अशा रीतीने पैसा खालून तीन-चार पायऱ्या चढून डेटा सेंटरपर्यंत पोहोचतो आणि संकट त्याच पायऱ्यांनी खाली उतरते. सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला आपला डेटा ऐरोलीत आहे, महापेला आहे की परदेशात आहे, हेही ठाऊक नसते. डेटा सेंटरशी त्याचा करार नसतो, म्हणून तो तिथे दाद मागू शकत नाही. आणि ज्या होस्टिंग कंपनीशी त्याचा करार असतो, तिचा दूरध्वनी नेमका त्याच दिवशी कोणी उचलत नाही.

दुसरी गोष्ट अशी की ज्याला सरसकट थकबाकी म्हटले जाते ते पुष्कळदा वादग्रस्त बिल असते. नेटवर्कच्या वापराची आकारणी बहुतेक ठिकाणी ९५ व्या शतमकाने होते. दर पाच मिनिटांनी वापराची नोंद घेतात. ३० दिवसांच्या महिन्यात अशा ८,६४० नोंदी होतात. त्यांतल्या सर्वांत वरच्या पाच टक्के, म्हणजे ४३२ नोंदी सोडून देतात आणि त्याखालच्या आकड्यावर बिल काढतात. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. महिन्याभरात मिळून ३६ तासांपेक्षा जास्त वेळ एखाद्या ग्राहकाच्या संकेतस्थळावर बनावट रहदारीचा हल्ला चालला, तर संपूर्ण महिन्याचे बिल त्या हल्ल्याच्या मापाने येते. हा खर्च कोणाचा? डेटा सेंटर म्हणते, तुमच्या जोडणीवरून रहदारी आली, पैसे तुम्ही द्या. होस्टिंग कंपनी म्हणते, आम्ही ती मागवली नव्हती आणि तुम्ही ती वेळेत अडवली नाही. विजेच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वापर, डिझेल जनरेटर चालला त्या तासांचा अधिभार, सेवा खंडित झाल्याबद्दल करारानुसार मिळायची आणि न मिळालेली सूट, अशा कितीतरी कारणांनी असे वाद होतात. दिवाळखोरी संहितेखाली पुरवठादाराने अर्ज केला आणि त्या रकमेबद्दल आधीपासून खरा वाद असल्याचे दिसले, तर तो अर्ज दाखल करून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या प्रकरणात स्पष्ट केले. कबूल केलेले देणे आणि वादातले देणे यांत न्यायालय इतका फरक करते, मग रॅकचा स्विच बंद करणाऱ्याने तो अजिबात करू नये, हे कसे चालेल?

आता डेटा सेंटरची बाजू. ती दुबळी मुळीच नाही आणि तिच्याकडे डोळेझाक करून कोणताही नियम टिकणार नाही. सर्व्हर चालू असेपर्यंत वीज जळत असते, थंडाव्याची यंत्रे चालू असतात आणि वीज कंपनी डेटा सेंटरचे बिल थांबवत नाही. लोकांच्या फायली इंटरनेटवर साठवणाऱ्या मेगाअपलोड या सेवेचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने ती सेवा बंद पाडली आणि तिची मालमत्ता गोठवली. त्यामुळे तिच्यासाठी सर्व्हर चालवणाऱ्या व्हर्जिनियातल्या कार्पॅथिया होस्टिंगला पैसे देणारा कोणीच उरला नाही. ११०३ सर्व्हर आणि सुमारे २५ पेटाबाइट डेटा सांभाळायला रोज ९,००० डॉलर खर्च येतो आणि तो कोणी सोसायचा, असा प्रश्न कार्पॅथियाने न्यायालयापुढे ठेवला. त्या साठ्यात लाखो सामान्य वापरकर्त्यांच्या कायदेशीर फायलीही होत्या. नेदरलँड्समधल्या लीजवेबने मेगाअपलोडचे शेकडो सर्व्हर वर्षभराहून अधिक काळ बिनपैशाने ठेवले आणि २०१३ मध्ये ते पुसून टाकले. याला निर्दयपणा म्हणणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे: दुसऱ्याचा डेटा अनिश्चित काळ फुकट सांभाळण्याचे ओझे एखाद्या खासगी कंपनीवर कोणत्या न्यायाने टाकायचे?

होस्टिंग कंपन्यांचे वर्तनही या धंद्यात नेहमी सरळ नसते. ग्राहकांकडून वर्षाचे किंवा तीन वर्षांचे पैसे सवलतीच्या मोहाने एकदम घ्यायचे, ते जाहिरातीत खर्च करायचे आणि डेटा सेंटरचे मासिक भाडे पुढच्या नव्या ग्राहकांच्या पैशांतून भागवायचे, असा प्रकार चालतो आणि नव्या ग्राहकांचा ओघ आटला की तो उघडा पडतो. शिवाय दिवाणी दाव्याचा निकाल यायला वर्षे लागतात. दिवाळखोरी संहितेचा मार्ग मार्च २०२० पासून एक कोटी रुपयांपेक्षा कमी थकबाकीसाठी बंद आहे. मग डेटा सेंटरच्या हातात तातडीचा उपाय राहतो तो पुरवठा तोडण्याचाच, आणि तोही काढून घेतला तर थकबाकीदाराला मोकळे रान मिळेल, हा विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. तो मी मान्य करतो. पण पुरवठा तोडण्याचे साधन हवे, एवढेच त्यातून सिद्ध होते. ते साधन नोटिशीशिवाय, वाद तपासल्याशिवाय आणि तिसऱ्याला त्याची वस्तू परत न देता वापरावे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

वस्तू अडवून ठेवण्याच्या हक्काला, म्हणजे धारणाधिकाराला, आपला कायदा किती जपून मान्यता देतो हे पाहण्यासारखे आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० म्हणते की ताब्यात दिलेल्या वस्तूवर ज्याने श्रम किंवा कौशल्य खर्च केले, त्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कायद्यातच दिलेले उदाहरण पैलू पाडण्यासाठी जवाहिऱ्याकडे सोपवलेल्या हिऱ्याचे आहे. रॅकमध्ये सर्व्हरला जागा आणि वीज देणे म्हणजे त्याला पैलू पाडणे नव्हे. कलम १७१ एकूण येणे बाकीपोटी माल अडवण्याचा हक्क देते, तो बँका, अडते, धक्क्यावरचे माल ठेवणारे, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी आणि विमा दलाल एवढ्यांनाच. इतरांना तो स्पष्ट करार असेल तरच मिळतो. म्हणून डेटा सेंटर आपल्या करारात तसे कलम घालतात, आणि होस्टिंग कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरपुरते, लोखंड आणि सिलिकॉनपुरते, ते चालूही शकेल. पण त्या डिस्कवर लिहिलेला शाळेच्या प्रवेशांचा किंवा दवाखान्याच्या रुग्णांचा तपशील होस्टिंग कंपनीच्या मालकीचा कधी होता? जे आपले नाही ते होस्टिंग कंपनी तारण ठेवू शकत नाही, आणि जे ती तारण ठेवू शकत नाही ते डेटा सेंटर अडवू शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात वकिलाला फीपोटी पक्षकाराच्या फायली अडवून ठेवता येणार नाहीत असे ठरवले. त्या निकालामागचा एक विचार इथे जसाच्या तसा लागू पडतो: खटल्याची कागदपत्रे बाजारात विकून कोणाचे पैसे वसूल होत नाहीत. सोने तारण ठेवले तर ते विकता येते. तांदळाची पोती अडवली तर ती विकता येतात. शाळेचा डेटा किंवा दुकानाच्या पावत्या विकता येत नाहीत, विकल्या तर तो गुन्हाच ठरण्याचा संभव अधिक. अडवलेल्या डेटाची तारण म्हणून जी किंमत आहे ती फक्त मालकाच्या हालांमधून येते. इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे २०१४ मध्ये असाच प्रश्न आला होता. युवर रिस्पॉन्स नावाची कंपनी डेटाटीम या मासिक प्रकाशकाच्या वर्गणीदारांची यादी सांभाळत होती. फी मिळेपर्यंत ती यादी देणार नाही, असा पवित्रा तिने घेतला. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या माहितीवर ताब्याचा असा धारणाधिकार कॉमन लॉमध्ये, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यात, नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. तिथे तर वाद सरळ मालकाशी होता. आपल्या प्रश्नात मालक त्या वादात पक्षकारही नाही.

या प्रश्नाला इतिहासात एक अगदी जुळते उदाहरण आहे आणि ते विसरले गेल्याचे मला वाईट वाटते. इंग्लंडमध्ये शतकानुशतके घरमालकाला भाड्याच्या थकबाकीपोटी न्यायालयात न जाता घरातले सामान जप्त करण्याचा हक्क होता, आणि सामान कोणाचे आहे हे पाहण्याचे बंधन बहुतांशी नव्हते. भाडेकरूने घरातली एक खोली दुसऱ्याला दिली असेल आणि त्या दुसऱ्याने आपले भाडे दर आठवड्याला चोख भरले असेल, तरी मुख्य भाडेकरू थकला की या पोटभाडेकरूची गादी आणि भांडी जप्तीत जात. त्या वेळी घरमालकांच्या बाजूने केलेले युक्तिवाद आज डेटा सेंटरच्या बाजूने केले जातात त्यांहून वेगळे नव्हते: मालकाने आतल्या माणसांची चौकशी कुठवर करायची, पोटभाडेकरूने चांगला भाडेकरू का निवडला नाही, हा हक्क काढला तर भाडी वाढतील. १८७१ मध्ये ब्रिटिश संसदेने पोटभाडेकरूंच्या सामानाच्या संरक्षणासाठी कायदा केला. पोटभाडेकरूने आपल्या सामानाची यादी आणि ते आपले असल्याचे लेखी निवेदन द्यावे, मुख्य भाडेकरूला आपण जेवढे भाडे देणे लागतो तेवढे थेट घरमालकाला द्यावे, आणि त्यानंतर त्याच्या सामानाला हात लावता येणार नाही, अशी ती व्यवस्था होती. १९०८ च्या कायद्याने ती आणखी विस्तारली: मूळ थकबाकी फिटेपर्यंत पुढचे हप्तेही पोटभाडेकरू थेट घरमालकाला देऊ लागला. २०१४ मध्ये जप्तीचा तो जुना हक्कच संपला. व्यापारी जागांसाठी जी नवी पद्धत आली तिच्यात फक्त भाडेकरूचे स्वतःचे सामान घेता येते.

या व्यवस्थेत शहाणपण कुठे होते? घरमालकाला तिने रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. निरपराध माणसाकडे असलेला पैशांचा झरा तिने मधल्या थकबाकीदाराला वगळून थेट मालकाकडे वळवला. गादी विकून मालकाला जे मिळाले असते त्याहून दर आठवड्याचे भाडे त्याच्या जास्त उपयोगाचे होते. डेटा सेंटरच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. होस्टिंग कंपनीचे सगळे उत्पन्न चालू सर्व्हरवर अवलंबून असते. वीज तोडली की ग्राहक पळतात, नूतनीकरणाचे पैसे येत नाहीत, परताव्याच्या मागण्या सुरू होतात आणि थकबाकी फेडण्याचा एकमेव स्रोत स्वतः डेटा सेंटरच्याच हाताने आटतो. शेवटी त्याच्याकडे उरतात जुने सर्व्हर, ज्यांना बाजारात फारसा भाव नसतो. पुरवठा तोडण्याची धमकी प्रभावी असेल, पण ती प्रत्यक्षात आणण्यात धनकोचाही तोटा आहे.

आपल्याकडेही या विचाराची उदाहरणे आहेत, तीही आपल्या रोजच्या परिचयातली. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरावी आणि वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. वीज कंपन्या यामुळे बुडाल्या नाहीत. त्यांच्या अडचणींची कारणे वेगळी आहेत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ घरमालकाला पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडू देत नाही. दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खाली अधिस्थगन, म्हणजे वसुलीला तात्पुरती स्थगिती, लागू झाले की दिवाळखोर कंपनीला होणारा अत्यावश्यक पुरवठा थांबवता येत नाही, आणि नियमांत त्या यादीमध्ये वीज, पाणी आणि दूरसंचाराबरोबर माहिती तंत्रज्ञान सेवांचाही उल्लेख आहे. २०२० च्या दुरुस्तीने कंपनी चालू ठेवण्यासाठी लागणाऱ्या इतर पुरवठ्यांनाही हे संरक्षण देता येऊ लागले, पण अधिस्थगनाच्या काळातले पैसे पुरवठादाराला मिळत असतील तरच. जुने येणे बाजूला ठेवा, चालू महिन्याचे पैसे द्या आणि पुरवठा चालू राहू द्या, हा त्यामागचा हिशेब आहे. मग होस्टिंग कंपनी दिवाळखोरीत निघाली तर तिच्या सर्व्हरला संरक्षण मिळू शकते आणि ती नुसतीच एका बिलावरून भांडत असेल तर मिळत नाही, ही विसंगती कशी समर्थनीय ठरते?

यावर तंत्रज्ञांचे ठरलेले उत्तर असते: ज्याने बॅकअप ठेवला नाही त्याची चूक. हे अर्धेच खरे आहे. ज्याचा धंदा संकेतस्थळावर चालतो त्याने दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवलीच पाहिजे, यात शंका नाही. पण रिसेलर जो रोजचा बॅकअप विकतो तो पुष्कळदा त्याच रॅकमधल्या दुसऱ्या डिस्कवर असतो आणि ग्राहकाला ते सांगितलेले नसते. शिवाय प्रत हातात असूनही सगळे सुटत नाही. डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणारी यंत्रे, त्याच बंद रॅकमध्ये असतील आणि डोमेनच्या खात्याचा परवलीचा शब्द होस्टिंग कंपनीकडे असेल, तर संकेतस्थळ दुसरीकडे वळवणार कसे? मेलचे तर याहून कठीण. पाठवणारा मेल सर्व्हर न पोहोचलेले पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. रूढ मानकानुसार हे प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालावेत अशी अपेक्षा आहे. त्यानंतर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणजे आठवडाभर चाललेल्या भांडणात आलेली निविदांची उत्तरे, प्रवेशाचे अर्ज, रुग्णांचे अहवाल कोणत्याही बॅकअपमध्ये सापडणार नाहीत, कारण ती कधी पोहोचलीच नव्हती. बॅकअप भूतकाळ वाचवतो. पुरवठा तुटल्यावर बुडतो तो चालू आठवडा.

बाजारच वाईट कंपन्यांना शिक्षा करील, हा दुसरा युक्तिवाद मला अधिक गंभीर वाटतो, पण तोही तपासून पाहिला की टिकत नाही. बाजाराने शिक्षा करायची तर ग्राहकाला निवड करण्याआधी माहिती हवी. आपली होस्टिंग कंपनी कोणत्या डेटा सेंटरमध्ये आहे, तिने भाडे वेळेवर भरले आहे का, करारात डेटा अडवण्याचे कलम आहे का, यांतले काहीही ग्राहकाला दिसत नाही आणि होस्टिंग कंपनीला ते दाखवण्यात रस नसतो. ग्राहक कायद्याचा आधार घ्यावा तर व्यापारी हेतूने घेतलेली सेवा २०१९ च्या कायद्यातल्या व्याख्येबाहेर जाते. नियमांमुळे दर वाढतील, हे मात्र खरे आहे. डेटा सेंटरला अनामत जास्त घ्यावी लागेल आणि होस्टिंग कंपनी तो भार ग्राहकावर टाकील. तो भार आजही आहेच, फरक इतकाच की तो सगळ्यांवर थोडाथोडा न पडता ज्यांची होस्टिंग कंपनी भांडणात सापडली त्यांच्यावर एकदम कोसळतो. ज्या जोखमीची माहितीच नव्हती ती सोसायला लावून वाचवलेल्या पैशांना स्वस्ताई म्हणणे मला पटत नाही.

नोटीस ही साधी गोष्ट किती बदल घडवते हे ऑक्टोबर २००५ मध्ये दिसले. लेव्हल ३ आणि कोजेंट या अमेरिकेतल्या दोन मोठ्या नेटवर्क कंपन्यांमध्ये परस्परांची रहदारी फुकट वाहायची की पैसे घेऊन, यावरून वाद होता. त्यांच्यातला पत्रव्यवहार काही महिने चालू होता, पण ५ ऑक्टोबरला लेव्हल ३ ने जोडणी तोडली तेव्हा फक्त एकाच कंपनीवर अवलंबून असलेल्या ग्राहकांना दुसऱ्या बाजूचे इंटरनेट दिसेनासे झाले आणि तेव्हाच त्यांना हा वाद कळला. ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत जोडणी परत सुरू झाली आणि ग्राहकांना दुसरी व्यवस्था करायला वेळ मिळावा म्हणून नोव्हेंबरपर्यंतची मुदत दिली गेली. ऑक्टोबरअखेर दोघांनी समझोता केला. जी मुदत नंतर देता आली ती आधी का देता आली नसती?

पूर्वतयारी नसेल तर चांगल्या हेतूचाही चोथा होतो, हे २०१३ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये २ई२ ही कंपनी कोसळली तेव्हा दिसले. न्यायालयीन प्रशासकांनी डेटा सेंटर चालू ठेवण्यासाठी ग्राहकांकडेच पैसे मागितले: लहान ग्राहकांकडून ४,००० पौंड, मोठ्यांकडून ४०,००० पौंड, आणि डेटा हलवायला सोळा आठवडेही लागू शकतील असा इशारा दिला. थेट ग्राहकांकडून पैसे घेऊन यंत्रे चालू ठेवणे हे तत्त्वतः १९०८ च्या कायद्यासारखेच होते, पण ते आणीबाणीत, कोणताही ठरलेला दर किंवा हिशेब नसताना झाले, आणि ज्यांनी आपले पैसे आधीच भरले होते त्यांना ती दुसरी वसुली वाटली. याउलट डोमेनच्या क्षेत्राने धडा घेतला. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय हा डोमेन विकणारा रजिस्ट्रार बुडाला. डोमेनच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेला त्याच्याकडून ग्राहकांची माहिती मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले आणि शेवटी लाखो डोमेन गोडॅडी या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्यात आली. त्यानंतर रजिस्ट्रारांनी आपल्या ग्राहकांच्या नोंदींची प्रत नियमितपणे त्रयस्थाकडे जमा करण्याची पद्धत अमलात आली. आज एखादा रजिस्ट्रार बुडाला तर डोमेन कोणाचे हे शोधत बसावे लागत नाही. होस्टिंगच्या क्षेत्रात अशी पद्धत का नसावी?

जगातले कायदे हळूहळू याच दिशेने जात आहेत. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये स्पष्ट केले की पैशांच्या वादातही सेवापुरवठादाराला रुग्णालयाच्या रुग्ण-नोंदी बंद करून ठेवता येणार नाहीत. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्यानुसार पुरवठादार बदलताना ग्राहकाला ठरावीक मुदतीत स्थलांतर करता आले पाहिजे आणि त्यानंतरही किमान ३० दिवस आपला डेटा काढून घेता आला पाहिजे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या आउटसोर्सिंगविषयीच्या निर्देशांत स्थलांतराच्या काळात पुरवठादाराने डेटा पुसू नये, बदलू नये, अशी अट करारात घालायला लावली. म्हणजे बँकेच्या डेटाला हे संरक्षण आहे. त्याच इमारतीत, कदाचित शेजारच्याच रॅकमध्ये असलेल्या तालुक्याच्या शाळेच्या डेटाला ते नाही, कारण शाळेच्या मागे रिझर्व्ह बँक उभी नाही.

भारतात यासाठी नवे तत्त्व शोधण्याची गरज नाही; वीज कायद्याचे तत्त्व रॅकपर्यंत आणायचे आहे. पुरवठा तोडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस, आणि ती होस्टिंग कंपनीच्या पुढच्या ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याची सक्ती. बिलाबद्दल वाद असेल तर सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरण्याची मुभा. ती रक्कमही भरली नाही तर डेटा सेंटरने खुशाल नवी सेवा थांबवावी, पण पुढचे ३० दिवस सर्व्हर फक्त डेटा काढून घेण्यापुरते चालू ठेवावेत. या ३० दिवसांचा खर्च सुरुवातीलाच घेतलेल्या अनामतीतून वळता करावा, म्हणजे कार्पॅथियासारखी वेळ कोणावर येणार नाही. ज्या ग्राहकांना सेवा चालूच ठेवायची आहे त्यांना आपला हप्ता थेट डेटा सेंटरला देता यावा आणि तेवढ्यापुरते त्यांचे होस्टिंग कंपनीचे देणे फिटले असे मानावे. ग्राहकांची यादी डेटा सेंटरकडे नसते, ही अडचण खरी आहे. पण सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी डेटा सेंटर, व्हीपीएस (सर्व्हरचे भाड्याने दिलेले आभासी भाग) आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांना आपापल्या ग्राहकांचा खरा तपशील पाच वर्षे ठेवायला लावलेच आहे. त्या तपशिलाची मोहोरबंद प्रत त्रयस्थाकडे ठेवली, तर मधली कंपनी गायब झाली तरी खालच्या माणसापर्यंत पोहोचता येईल.

केंद्राचा कायदा होईपर्यंत महाराष्ट्राने थांबण्याचेही कारण नाही. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेचा मोठा हिस्सा मुंबई आणि नवी मुंबईत आहे, कारण समुद्राखालच्या केबल इथे किनाऱ्याला लागतात. ५ मेगावॉट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत सुविधेचा दर्जा दिला आणि राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांच्यासाठी सवलती आहेत. सार्वजनिक तिजोरीतून सवलत घेणाऱ्या डेटा सेंटरने होस्टिंग कंपन्यांशी केलेल्या करारांत नोटीस, हरकतीसह भरणा आणि ३० दिवसांची मुदत ही तीन कलमे घालावीत, एवढी एक अट शासनाला आपल्या धोरणाच्या पुढच्या आवृत्तीत घालता येईल. त्यासाठी विधिमंडळात नवे विधेयक आणण्याची गरज नाही, आणि ज्यांना ती अट नको असेल त्यांना सवलत नाकारण्याचे स्वातंत्र्य राहीलच.